सायरनच्या यादीत शेत नाही

मे २०२५ मध्ये देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. महाराष्ट्रातल्या ज्या ठिकाणांची सरकारी यादी तेव्हा छापून आली, तिच्यात मुंबई, उरण, तारापूर, मनमाड यांच्याबरोबर भुसावळही होतं. जळगाव जिल्ह्यात कोणाला त्याचं फारसं नवल वाटलं नसेल. नागपूरकडे आणि इटारसीकडे जाणाऱ्या दोन मोठ्या लोहमार्गांची फारकत भुसावळला होते. शहराला लागून आयुध निर्माणी, पुढे वरणगावला दुसरी, आणि दोहोंच्या मध्ये महामार्गालगत दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र. शत्रूने नकाशावर बोट कुठे ठेवावं हे सांगायला पंडित लागत नाही.

या तिन्हींच्या मधल्या जागेत केळी आहे, कपाशी आहे, गहू-हरभरा आहे. फेकरी, पिंपरीसेकमसारखी गावं आहेत आणि त्यांतली शेतकऱ्यांची घरं आहेत. त्यांचा विचार कुठल्याच यादीत नसतो. सायरन वाजला की दिवे घालवायचे, खिडक्यांना कागद लावायचे, उघड्यावर असाल तर आडवं पडायचं, एवढंच त्यांना सांगितलं जातं. खानदेशाचा अनुभव पाहिला तर हे सांगणं अगदीच अपुरं आहे. गेल्या शतकातल्या एकाही युद्धात खानदेशावर बॉम्ब पडला नाही. तरी प्रत्येक युद्ध इथल्या घरात आलंच. घासलेटच्या डब्यातून आलं, कापसाच्या भावातून आलं, लग्नाच्या दागिन्यातून आलं. आणि योगायोग असा की, बहुतेक वेळा ते हिवाळ्यातच आलं.

जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला तो १९४१ च्या डिसेंबरात. चीनचं आक्रमण २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर १९६२. पाकिस्तानशी तिसरं युद्ध ३ डिसेंबर १९७१ ला, शुक्रवारी सुरू झालं आणि १६ तारखेला संपलं. खानदेशातल्या शेतकरी घराला हे दिवस कसे असतात ते एकदा डोळ्यांपुढे आणावं. कपाशीची वेचणी चाललेली असते, घरातली एक खोली कापसाने छतापर्यंत भरलेली असते आणि भाव कधी चढेल याची वाट पाहिली जात असते. काळ्या रानात दादर ज्वारी उभी असते. गव्हाला पाण्याच्या पाळ्या द्यायच्या असतात. ऑक्टोबरात लावलेला केळीचा कांदेबाग कोवळा असतो, तर आधीच्या मृगबागेवर थंडीचा डोळा असतो. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थबकते, पानांवर चरका दिसू लागतो, निसवणीला आलेला घड खोडातच अडकतो. मग पहाटे बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा आणि रात्री विहिरीचं पाणी सोडायचं. तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं सुरू. मधूनच एखाद्या मळ्यात पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी. म्हणजे वर्षाची कमाई हातात येते ती याच तीन-चार महिन्यांत, आणि खर्चही याच दिवसांत होतो. युद्धाला यापेक्षा वाईट मुहूर्त सापडणार नाही.

दुसऱ्या महायुद्धाचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे, आणि सर्वांत विसरलेलंही. तेव्हा जळगाव म्हणजे पूर्व खानदेश आणि धुळे म्हणजे पश्चिम खानदेश. दोन्ही जिल्हे कापसावर जगणारे. इथला आखूड धाग्याचा कापूस जिनमधून गाठी होऊन मुंबईला जाई, आणि हिंदुस्थानातल्या अशा कापसाचं मोठं गिऱ्हाईक होतं जपान. १९४१ च्या जुलैत जपानशी व्यवहार गोठले, डिसेंबरात तो शत्रूच झाला. ज्या महिन्यात वेचणी संपून कापूस बाजारात न्यायचा, त्याच महिन्यात गिऱ्हाईक गेलं. एरंडोलच्या किंवा पारोळ्याच्या शेतकऱ्याने तोवर जपान हा शब्द फार तर खेळण्यावर पाहिला असेल. त्या हिवाळ्यात तो त्याच्या घरातल्या कापसाच्या ढिगाशी जोडला गेला.

पुढच्या मार्चमध्ये रंगून पडलं. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाल्याचं पुस्तकांत असतं, पण खानदेशात भात सणासुदीचा. इथे टोचलं ते ब्रह्मदेशचं तेल. घासलेट मोजून मिळू लागलं. हिवाळ्यात साडेसहाला अंधार पडतो. गुरांचं दूध काढणं, रात्रीची भाकरी, पहाटेचं दळण, कापसाची राखण, सगळं चिमणी आणि कंदिलाच्या भरवशावर. गोड्या तेलाचा दिवा लावावा तर तेल खायचं की जाळायचं हा प्रश्न. शहरातल्या लोकांना ब्लॅकआउट हा सरकारी हुकूम म्हणून माहीत झाला. खेड्याला तो टंचाईने दिला आणि त्याची मुदतही कोणी सांगितली नाही.

कपड्याची गोष्ट तर चीड आणणारी. १९४२-४३ मध्ये कापडाचे भाव असे भडकले की, जून १९४३ मध्ये सरकारला कापड आणि सुतावर नियंत्रण आणावं लागलं. ‘स्टँडर्ड क्लॉथ’ नावाचं जाडंभरडं कापड स्वस्तात काढावं लागलं. अमळनेरला प्रताप मिल होती, धुळ्याला होती, चाळीसगावला गिरणी होती. कापूस पिकवणाऱ्या मुलखात, कापड विणणाऱ्या गिरण्यांच्या सावलीत, थंडीच्या दिवसांत नवं धोतर-लुगडं घेणं परवडेनासं झालं. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची तर आधी लुगडं जुनं व्हायला हवं, आणि ते जुनं झालं तरी अंगावरून उतरत नव्हतं. खिशातला पैसाही बदलला. १९४० मध्ये एक रुपयाची नोट पुन्हा आली आणि रुपयातली चांदी घटली. तांबं-पितळ लढाईला लागत असल्याने १९४३ पासून मधे भोक पाडलेला पैसा आला. तो करगोट्यात ओवून पोरांच्या कमरेला बांधायला बरा, एवढाच त्याचा फायदा.

धान्याच्या बाबतीत सरकारने आधी ‘अधिक धान्य पिकवा’ म्हणून आवाहन केलं आणि १९४४ मध्ये मुंबई प्रांतात कायदाच केला: कपाशीसारख्या पिकाखालची ठरावीक जमीन धान्याला द्या. शिवाय पिकवलेल्यातलं काही लेव्ही म्हणून सरकारी भावाने घाला. बंगालमध्ये १९४३ साली लाखो माणसं भुकेने मेली, हे लक्षात घेतलं तर या सक्तीला सरसकट नावं ठेवता येत नाहीत. पण त्या काळाचा इतिहास पाहू गेलं तर खानदेशाच्या वाट्याला काय येतं? स्वातंत्र्यलढ्यात ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला पोलिसांच्या गोळ्या झेललेला शाळकरी शिरीषकुमार आणि १४ एप्रिल १९४४ ची क्रांतिकारकांनी केलेली चिमठाण्याची खजिना लूट. दोन्ही घटनांचा अभिमान रास्तच आहे. मात्र त्या दोन तारखांच्या मध्ये दोन हिवाळे गेले आणि लाखो घरांनी ते अर्ध्या दिव्यात काढले. त्यावर एखादं पानही सहजी हाती लागत नाही.

१९६२ चा हिवाळा वेगळा होता. यात सक्तीपेक्षा भावनेचा भाग मोठा. यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य घरोघर झालं. राष्ट्रीय संरक्षण निधीला लोकांनी पैसे दिले, सोनं दिलं. जळगाव तर सोन्याचीच पेठ. सावदा, फैजपूर, यावलच्या केळीवाल्यांपासून धुळ्याच्या कापूसवाल्यांपर्यंत अनेकांची सोनं घेण्याची सवय जळगावच्या सराफ बाजाराला बांधलेली. शेतकऱ्याला सोनं म्हणजे हौस कमी आणि बँक जास्त. पीक आलं की घ्यायचं, विहीर खणताना किंवा बैल मेला की मोडायचं. आणि त्यातही ते बहुतेक बाईच्या अंगावरचं. तेव्हा दानपेटीत पडलेली अंगठी कुटुंबाची खरी, पण बोटातून निघाली ती बहुधा तिच्या.

मग जानेवारी १९६३ मध्ये, लग्नसराई ऐन भरात असताना, अर्थमंत्री मोरारजी देसाईंचा सुवर्ण नियंत्रण आदेश आला. यापुढे नवा दागिना चौदा कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचा घडवायचा नाही. परकीय चलन वाचवावं, सोन्याची चोरटी आयात थांबावी, हा हेतू. तो चुकीचा नव्हता. पण चौदा कॅरटची पोत कोणती आई मुलीला घालेल? आणि मोडायला नेली तर कोण सराफ किती देईल? हजारो सोनारांचा धंदा बसला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि साडेतीन वर्षांनंतर सरकारला ती अट सोडावी लागली. १९६३ मध्येच आलेल्या सक्तीच्या बचत योजनेत शेतसारा भरणाऱ्यांनाही ओढलं होतं, तीही टिकली नाही. दिल्लीला शेतकऱ्याच्या घरातली तिजोरी कुठे असते याची कल्पना नसली म्हणजे असे हुकूम निघतात.

१९६५ चं युद्ध सप्टेंबरात संपलं, पण त्याचा हिवाळा लांबला. पाऊस कमी झालेला, अमेरिकेचा गहू राजकारणात अडकलेला. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलं आणि ‘जय जवान, जय किसान’ म्हटलं. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फासावर द्या, असं पुण्यात जाहीर सांगितलं. त्या हाकेचं खेड्यातलं रूप म्हणजे संकरित ज्वारी. पीक भरपूर येई, पण दादरच्या भाकरीला सोकावलेल्या जिभेला ‘हायब्रीड’ची भाकरी काही रुचली नाही. खानदेशात तिची नालस्ती करतच ती खाल्ली गेली.

आणि १९७१.

या युद्धाची किंमत लढाईच्या आधीच मोजायला सुरुवात झाली होती. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आले होते. १५ नोव्हेंबरपासून आंतरदेशीय पत्राला आणि पाकिटाला पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. फौजेत मुलगा असलेल्या घराला ते सर्वांत आधी कळलं. पत्त्यात गाव नसे. ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ एवढाच आकडा. ५६ म्हणजे पश्चिमेकडे, ९९ म्हणजे बंगालकडे, एवढं भूगोलज्ञान पोस्टमनने आयांना दिलं होतं. पत्र यायला वेळ लागला तर चालायचं. तार नको असायची.

भुसावळसारख्या जंक्शनवरून तेव्हा फौजेची माणसं आणि सामान दोन्ही आघाड्यांकडे जायचं. रुळांशेजारच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायकांना युद्ध दिसलं ते असं, ताडपत्रीखाली झाकलेलं. पण याच रुळांवरून खानदेशची केळीही जायची. रावेर, निंभोरा, सावदा, भुसावळ इथून फ्रूट सेल सोसायट्या वॅगन भरून दिल्लीकडे घड पाठवत. लढाईच्या काळात वॅगनवर पहिला हक्क फौजेचा, हे कोणी नाकारणार नाही. केळीचं दुखणं एवढंच की कापलेला घड थांबत नाही. कापूस खोलीत राहतो, ज्वारी पेवात राहते, केळी चार दिवसांत सांगते की मी चालले. नाशवंत माल असणाऱ्या प्रदेशाची युद्धकाळातली वाहतूक हा म्हणूनच स्वतंत्र विषय आहे. त्याकडे केवळ व्यापाऱ्यांची तक्रार म्हणून पाहिलं गेलं तर नुकसान शेतकऱ्याच्या बांधावर येऊन पडतं.

बातम्या ट्रान्झिस्टरवर. ज्याच्याकडे रेडिओ त्याच्या ओसरीवर रात्री गर्दी, शेकोटीभोवती गोधड्या पांघरून. १६ डिसेंबरला ढाक्याची शरणागती झाली, आणि तो आनंद खराच होता. पण त्याच हिवाळ्यात महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात पावसाने दुसऱ्यांदा दगा दिलेला होता, रब्बी अर्धीमुर्धी होती आणि पुढे १९७२ चा दुष्काळ वाढून ठेवला होता. विजयानंतर वर्षभरात लोक खडी फोडायच्या कामावर होते. दुष्काळी मदतीतली सुकडी आणि मिलो ज्वारी खात होते. ढाक्याची आठवण आणि मिलोची आठवण खेड्यात एकाच दमात निघते. पुस्तकांत मात्र ती दोन वेगळ्या प्रकरणांत असते.

आता दीपनगरकडे. या परिसराचं आजचं रूप बरंचसं त्या युद्धांनीच घडवलं आहे. भुसावळची आयुध निर्माणी १९४९ ची. वरणगावची १९६४ ची, म्हणजे चीनच्या धड्यानंतरची. तिथे बंदुकीच्या गोळ्या बनतात. साठचं दशक संपता संपता दीपनगरला वीजनिर्मिती सुरू झाली आणि नंतर २१० मेगावॅटचे, मग ५०० मेगावॅटचे संच येत गेले. या सगळ्यासाठी जमीन गेली ती शेतकऱ्यांची, आणि नोकऱ्या मिळाल्या त्याही त्यांच्याच मुलांतल्या काहींना. ‘फॅक्टरीत आहे’ हे लग्नाच्या बाजारात दहा एकर बागायतीच्या तोडीचं वाक्य होतं. त्यामुळे या गावांना कारखाने नकोत असं म्हणणं खोटं ठरेल.

मात्र एक विसंगती नजरेआड करता येत नाही. दीपनगरच्या धुराड्यांच्या टप्प्यात ज्यांची शेतं आहेत, त्यांना शेतीपंपाची थ्री फेज वीज वेळापत्रकाने मिळते. काही दिवस दिवसा, बाकीचे दिवस रात्री. डिसेंबर-जानेवारीत रात्री एक वाजता उठून, बॅटरी घेऊन, गुडघाभर गार पाण्यात बारे द्यायला जावं लागतं. २०१७ च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसं मारली आणि डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली, तेव्हा रात्रीच्या विजेची चर्चा राज्यभर झाली, मग थंडावली. दिवसा विजेसाठी सौर कृषी वाहिनीची योजना आहे, कामंही चालली आहेत. पण वीज कमी पडली की आधी कोणाची रात्र जागवायची, याचं उत्तर शांततेच्या काळातही ठरलेलं आहे. युद्धकाळात ते बदलेल असं मानायला काही आधार नाही.

आणि आता युद्ध व्हायला सीमा पेटावीच लागते असंही राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसला. पोटॅशच्या पन्नास किलोच्या पोत्याचा भाव तेव्हा १,७०० रुपयांवर गेलेलाच होता. रशिया आणि बेलारूस हे त्याचे मोठे पुरवठादार, त्यामुळे तो उतरण्याची आशाही मावळली. केळी हे पोटॅशचं भुकेलं पीक. त्याच उन्हाळ्यात गव्हाला हमीभावापेक्षा चार पैसे जास्त मिळू लागले, तर १३ मे रोजी निर्यातबंदी आली. म्हणजे युद्धामुळे महागलेलं खत शेतकऱ्याने विकत घ्यायचं आणि युद्धामुळे वाढलेला भाव ग्राहकासाठी सोडायचा. खानदेशची केळी आज इराण, इराक, आखाताकडे जाते. तिकडे ठिणगी पडली की त्याची झळ रावेरच्या केळीच्या भावाला लागते.

एवढं सगळं पाहिल्यावर जिल्ह्याच्या नागरी संरक्षण आराखड्यात शेतीचं पान असावं, ही मागणी अवाजवी वाटू नये. पंप आणि ट्रॅक्टरसाठी डिझेलचा किती साठा राखीव राहील, रब्बीच्या तोंडावर खत अडलं तर कुठल्या गोदामातून येईल, गाड्या फौजेकडे गेल्या तर केळीसाठी रस्त्याची कोणती सोय होईल, ब्लॅकआउटच्या रात्री शेतात पाणी भरणाऱ्याने काय करायचं? शेवटचा प्रश्न तर हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रात्री बॅटरी घेऊन हिंडणारी माणसं भुसावळ शहरात नसतील, आसपासच्या मळ्यांत शेकड्यांनी असतात. सैन्याची गरज आधी, हे मान्य करूनही हे सारं ठरवता येतं. १९४४ सारखं हुकूम काढून नव्हे, शेतकऱ्याला आधी विचारून.

विचारायचं तर ज्यांनी पाहिलं त्यांना विचारायला हवं, आणि त्यालाही घाई आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी दोन्ही महायुद्धं पाहून १९५१ मध्ये गेल्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावाने त्यांच्या तोंडून ऐकलेलं वहीत उतरवून ठेवलं म्हणून, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ते पुस्तक निघालं म्हणून, शेतकरी बाईचं एवढं तरी बोलणं छापील मराठीत आलं. बाकीच्या घरांत वही घेऊन कोणी बसलं नाही. १९७१ मध्ये जी मुलगी पंधरा वर्षांची होती ती आज सत्तरीच्या घरात आहे. १९६२ मध्ये आईची पाटली निधीत गेलेली पाहिलेला मुलगा त्याहून म्हातारा. जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे आणि त्याच्या महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं हिवाळ्यातच खेड्यांत सात-सात दिवस मुक्काम करतात. शोषखड्डे आणि प्रभातफेऱ्या होत राहोत. त्यातली एक संध्याकाळ फेकरी, वरणगाव, सावदा इथल्या आजी-आजोबांसमोर मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करून बसायला काय हरकत आहे? घासलेट किती मिळायचं, सोनं कोणाचं गेलं, केळी किती सडली, पत्र किती दिवसांनी यायचं, एवढे चार प्रश्न विचारले तरी जिल्हाधिकाऱ्यांच्या आराखड्याला लागणारी निम्मी माहिती गोळा होईल.